भरलेल्या गाडीतली रिकामी जागा



कळमन्याचा बाजार तुम्हांला ठाऊक आहे. पहाटे ट्रक लागतात. पोती उतरतात. मिरचीचे लाल ढीग पडतात. या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाणारी एक बाई आमच्या रात्रीच्या वर्गाला येत असे. एका शनिवारी ती उशिरा आली. हातात एक कागद होता. चेहरा उतरलेला होता.

मी विचारले, "काय झालं, बाई?"

ती म्हणाली, "गुरुजी, घरच्यांना मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं आहे जी. मंगळवारची तारीख भेटली आहे. खिडकीवर गेली तर बाबू म्हणाला, गाडी भरली. मग एका माणसानं हे तिकीट आणून दिलं. पैसे दुपटीहून जास्त घेतले. बरोबर आहे का, तेवढं पाहा."

मी तिकीट हातात घेतले. नावे इंग्रजीत छापलेली होती. ती तिला वाचता येत नव्हती. पण आकडे तिला येत होते. वर्गात शिकली होती. मी म्हणालो, "नाव राहू दे. नावापुढं वय छापलं आहे. ते तू वाच."

तिने बोट ठेवले आणि वाचले, "सव्वीस. एकतीस." मग ती थांबली. तिचा नवरा पन्नाशी ओलांडलेला. ती स्वतः पंचेचाळीसची. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हे आमचं तिकीट नाही जी."

खरेच ते तिचे नव्हते. दुसऱ्याच दोन माणसांच्या नावाचे होते. त्या तिकिटावर ती दोघे गाडीत बसली असती, तर टीसीने त्यांना विनातिकीट धरले असते. दंड भरावा लागला असता. आजारी माणसाला घेऊन वाटेतच उतरावे लागले असते.

पैसे गेले ते गेले. तो माणूस पुन्हा दिसला नाही. पण सोमवारी संध्याकाळी ती दोघे त्याच "भरलेल्या" गाडीत आपापल्या जागेवर बसून मुंबईला गेली. ते कसे झाले, हे आज सांगायचे आहे.

गाडी भरली म्हणजे काय?

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ.

समजा, मौद्याहून एक टेम्पो कळमन्याला निघाला. टेम्पोत दहा माणसे मावतात. दहाही बसली. त्यांतली दोन माणसे वाटेत पारडीला उतरणार आहेत. आता मौद्याला कोणी आला आणि म्हणाला, "मला कळमन्यापर्यंत न्या," तर टेम्पोवाला म्हणेल, "जागा नाही." ते खरेच आहे. पण पारडीपासून कळमन्यापर्यंत दोन जागा रिकाम्या आहेत, हेही तितकेच खरे आहे.

आगगाडीचे असेच आहे. नागपूरहून मुंबई सुमारे ८४० किलोमीटर. वाटेत वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, नाशिक अशी मोठी स्टेशने लागतात. एकाच बर्थवर एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपतो असे नाही. कोणी गोंदियाला चढून नागपूरला उतरतो. कोणी अकोल्याला चढतो आणि मुंबईला उतरतो. म्हणजे नागपूर ते अकोला तो बर्थ रिकामाच धावतो.

तुम्ही खिडकीवर "नागपूर ते मुंबई" असे विचारता. संगणक नागपूरपासून मुंबईपर्यंत एकसलग रिकामा असलेला बर्थ शोधतो. तसा नसला की तो सांगतो, जागा नाही. तो खोटे बोलत नाही. पण तुकड्यातुकड्याने जागा आहे काय, हे तो आपणहून सांगत नाही. ते आपण विचारावे लागते.

ऊस एकच असतो, पण त्याची कांडी वेगवेगळी असतात. अख्खा ऊस मिळाला नाही, तर कांडी मागावी. सगळ्या गोष्टीचे मर्म एवढेच आहे.

जागांची वाटणी

दुसरी गोष्ट अशी की, गाडीतल्या सगळ्या जागा सगळ्यांसाठी सारख्या मोकळ्या नसतात. त्यांची आधीच वाटणी होते. या वाटणीला कोटा म्हणतात.

गाडी जिथून सुटते, तिथल्या लोकांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त जागा येतात. मधल्या स्टेशनांना थोड्या मिळतात. काही जागा तातडीच्या कामासाठी राखून ठेवतात. काही बायकांसाठी, काही वयस्क माणसांसाठी, काही सैनिकांसाठी असतात.

म्हणून तिकिटावर प्रतीक्षेचा आकडा असेल, तर त्याच्या आधीची अक्षरे पाहावीत. तिथे "जीएनडब्ल्यूएल" असेल, तर तुम्ही मोठ्या वाट्याच्या रांगेत आहात. ही रांग बरीच पुढे सरकते. "आरएलडब्ल्यूएल" किंवा "पीक्यूडब्ल्यूएल" असेल, तर तुम्ही मधल्या स्टेशनांच्या लहान वाट्याच्या रांगेत आहात. ही रांग हळू सरकते. मोठ्या रांगेतला तिसावा माणूस कधी जागा मिळवून जातो आणि लहान रांगेतला पाचवा तसाच राहतो. म्हणून नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

यातून दोन युक्त्या निघतात.

पहिली युक्ती. जी गाडी आपल्याच गावाहून सुटते, ती आधी पाहावी. सेवाग्राम एक्सप्रेस नागपूरहून सुटते. नागपूर–मुंबई दुरांतोही नागपूरहूनच सुटते. या गाड्यांत नागपूरकरांचा वाटा मोठा असतो. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांत तो लहान असतो.

दुसरी युक्ती. गाडी मागच्या स्टेशनाहून येत असेल, तर तिकीट तिथून काढून पाहावे. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून निघते. नागपूर ते मुंबई जागा नसली, तरी गोंदिया ते मुंबई असू शकते. भाडे थोडे जास्त पडते, पण जागा मिळते. मात्र एक काळजी घ्यावी. आरक्षणाच्या अर्जावर "चढण्याचे स्टेशन" असा रकाना असतो. त्यात "नागपूर" लिहायला विसरू नये. विसरलात, तर टीसी समजेल की हा माणूस गोंदियाला आलाच नाही. तो तुमची जागा दुसऱ्याला देऊन टाकील. मग नागपूरला पक्के तिकीट हातात धरूनही तुम्ही उभेच राहाल.

जागा केव्हा रिकामी होते?

झाडावरचे फळ जसे वेळेवर पिकते, तशी रेल्वेतली जागाही ठरावीक वेळांना मोकळी होते. त्या वेळा ज्याला ठाऊक, त्याला जागा मिळण्याचा संभव अधिक.

पहिली वेळ. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झाले. लग्न, यात्रा, परीक्षा अशी कामे आधी ठरलेली असतात. त्यांचे तिकीट तेव्हाच काढावे.

दुसरी वेळ. तत्काळ तिकिटे आदल्या दिवशी मिळतात. वातानुकूलित डब्यांची सकाळी १० वाजता, साध्या स्लीपरची ११ वाजता. पैसे जास्त पडतात. पक्के तत्काळ तिकीट रद्द केले, तर पैसे परत मिळत नाहीत. जुलै २०२५ पासून मोबाईलवरून किंवा संगणकावरून तत्काळ काढायला आधारची ओळख जोडलेली लागते. खिडकीवर जाताना मोबाईलही सोबत ठेवावा. त्याच्यावर आलेला आकडा तिथे विचारू शकतात.

तत्काळात एक खाच आहे. "आदला दिवस" हा गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजतात. गीतांजली एक्सप्रेस दुपारी हावड्याहून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला येते. समजा, तुम्हांला १२ तारखेला नागपूरला चढायचे आहे. ती गाडी हावड्याहून ११ तारखेला निघालेली असते. म्हणून तिचे तत्काळ १० तारखेला उघडते. तुम्ही ११ तारखेला खिडकीवर गेलात, तर वेळ टळून गेलेली असते. कित्येक माणसे इथेच चुकतात आणि मग दलालाच्या हाती सापडतात.

तिसरी वेळ सगळ्यांत महत्त्वाची. ती म्हणजे तक्ता तयार होण्याची वेळ. तक्त्याला चार्ट म्हणतात. कोणत्या बर्थवर कोण, हे त्यात पक्के होते. राखून ठेवलेल्या ज्या जागा कोणी घेतल्या नाहीत, त्या या वेळी मोकळ्या होतात आणि रांगेतल्या लोकांना मिळतात. पूर्वी तक्ता गाडी सुटण्याच्या चार तास आधी होत असे. २०२५ सालापासून तो बराच आधी करू लागले. सकाळच्या गाडीचा तक्ता आदल्या रात्रीच होतो. इतर गाड्यांचा आठ-दहा तास आधी होतो.

तक्ता झाल्यावर रांगेतली माणसे संपली आणि तरीही जागा उरल्या, तर त्या खिडकीवर आणि मोबाईलवर विकायला काढतात. याला करंट बुकिंग म्हणतात. मग गाडी सुटण्याच्या सुमारे अर्धा तास आधी दुसरा तक्ता होतो. या दोन तक्त्यांच्या मधला काळ म्हणजे शेवटच्या घडीच्या प्रवाशाचा सुगीचा हंगाम. लोक या काळात तिकिटे रद्द करतात. जागा सुटत जातात. पण बहुतेक माणसे "गाडी भरली" असे ऐकून आधीच घरी गेलेली असतात.

तक्ता आपणही वाचू शकतो

पूर्वी हा तक्ता कागदावर छापून डब्याच्या दाराशी चिकटवीत. माणसे गर्दी करून त्यावर आपले नाव शोधीत. ज्याला वाचता येत नसे, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही. २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर डब्याला तक्ता लावणे बंद होत गेले.

पण २०१९ सालापासून हा तक्ता आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तिथे "चार्ट आणि रिकाम्या जागा" असा भाग आहे. त्यात गाडीचा क्रमांक, तारीख आणि चढायचे स्टेशन घालावे. मग डबावार रिकामे बर्थ दिसतात. बर्थ कुठून कुठपर्यंत रिकामा आहे, तेही दिसते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. घरातल्या शाळकरी मुलाला सांगितले, तर तोही काढून दाखवील.

समजा, त्यात असे दिसले:

डबा एस ४, बर्थ २३: नागपूर ते अकोला रिकामा.
डबा एस ६, बर्थ ४१: अकोला ते मुंबई रिकामा.

नागपूर ते मुंबई असा एकही बर्थ रिकामा नाही. पण हे दोन तुकडे जोडले, तर सगळा रस्ता पुरा होतो. अशा वेळी एक तिकीट नागपूर ते अकोल्याचे काढावे. दुसरे अकोला ते मुंबईचे काढावे. अकोला आले की सामान उचलावे आणि दुसऱ्या डब्यात जावे. गाडी तीच असते. म्हणून गाडी उशिरा धावली, तरी दुसरी गाडी चुकण्याची भीती नाही.

दोन तिकिटांचे भाडे मिळून एका तिकिटापेक्षा जास्त होते. कारण अंतर वाढले की दर किलोमीटरमागे भाडे कमी होत जाते. ते तुकड्यांना लागू पडत नाही. पण दलालाला द्याव्या लागणाऱ्या पैशापेक्षा हा जादा खर्च पुष्कळ कमी असतो. शिवाय तिकीट आपल्या नावाचे असते.

त्या बाईचे असेच झाले. रविवारी तत्काळाच्या रांगेत ती पहाटेच जाऊन उभी राहिली. तिचा नंबर येईपर्यंत तिकिटे संपली. ती निराश झाली. मी म्हणालो, "अजून तक्ता व्हायचा आहे. आज रडायचं नाही. उद्या सकाळी माझ्याकडे ये."

सोमवारी सकाळी तिच्या मुलाने मोबाईलवर विदर्भ एक्सप्रेसचा तक्ता उघडला. एक बर्थ नागपूर ते मुंबई सलग रिकामा होता. तो आजारी माणसासाठी घेतला. दुसरा सलग बर्थ नव्हता. मग मुलाने नागपूर ते अकोला असे पाहिले. होता. अकोला ते मुंबई पाहिले. तोही होता, पण वेगळ्या डब्यात. तीन तिकिटे झाली. बाईने तिन्ही डबे आणि बर्थ आपल्या हाताने वहीत लिहून घेतले. तिच्या आयुष्यातली ती पहिली कामाची नोंद.

गाडी संध्याकाळी नागपूरहून निघते. अकोला रात्री लवकरच येते. तिथे तिने आपली जागा बदलली. टीसीला तिने आधीच सांगून ठेवले होते. सकाळी ती मुंबईला उतरली आणि तारखेला दवाखान्यात पोचली.

अर्धी जागा, कच्ची जागा

तिकिटावर तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते. ती ओळखायला शिका.

"सीएनएफ" म्हणजे जागा पक्की. डबा आणि बर्थ तुमचा.

"आरएसी" म्हणजे बसायची जागा पक्की, झोपायची नाही. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसायचे. कोणी आले नाही, तर पूर्ण बर्थ मिळतो. या तिकिटावर गाडीत चढता येते.

"डब्ल्यूएल" म्हणजे तुम्ही अजून रांगेत आहात. जागा नाही. तक्ता झाल्यावरही हेच राहिले, तर आरक्षित डब्यात चढू नये. मोबाईलवर काढलेले असे तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर चढलात, तर तुम्ही विनातिकीट ठरता. खिडकीवर काढलेले तिकीट मात्र आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते खिडकीवर परत करावे लागते. उशीर केला, तर पैसे बुडाले समजा.

तुमची स्थिती काय झाली, हे घरबसल्या कळते. तिकिटावर दहा आकड्यांचा पीएनआर क्रमांक असतो. १३९ या क्रमांकावर फोन करावा आणि तो सांगावा. म्हणून दहा आकडे न चुकता वाचता आले पाहिजेत.

गाडीत चढल्यावर

कधी पक्के तिकीट असलेला माणूस येतच नाही. त्याची जागा रिकामी राहते. पूर्वी अशा जागांचा हिशेब टीसीच्या कागदावरच असे. कोणाला द्यायची, ते लोकांना दिसत नसे. आता बहुतेक लांबच्या गाड्यांत टीसीच्या हातात लहान यंत्र असते. जो आला नाही, त्याची नोंद यंत्रात होते. ती जागा आधी आरएसीवाल्याला मिळते, मग रांगेतल्या पुढच्याला. पुढच्या स्टेशनांवरच्या लोकांनाही ती विकत घेता येते.

टीसीला विचारायला भिऊ नये. "साहेब, पुढं कुठं जागा होते का?" एवढे नीट विचारावे. पैसे दिले, तर पावती घ्यावी. पावतीवरचा आकडा वाचावा. दिले तेवढेच लिहिले आहे ना, ते पाहावे. पावती नसेल, तर ती तुमची जागाच नव्हे.

आणि साधे तिकीट घेऊन आरक्षित डब्यात "पाहू पुढं" म्हणून बसू नये. भाड्याच्या फरकावर दंडही पडतो. तो किमान २५० रुपये असतो.

आजारी माणसासाठी

कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला जाता-येताना भाड्यात मोठी सवलत आहे. सोबतच्या एका माणसालाही आहे. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पुढची तारीख मिळाली की त्याच वेळी दाखलाही मागून घ्यावा. सवलत आधी काढलेल्या तिकिटावर मिळते. तत्काळात मिळत नाही.

तातडीच्या कामासाठी राखलेल्या जागाही आहेत. त्यासाठी आधी रांगेतले तिकीट काढावे. मग रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आदल्या दिवशीच अर्ज द्यावा. अर्जात पीएनआर क्रमांक, गाडी, तारीख आणि कारण लिहावे. दवाखान्याच्या कागदाची नक्कल जोडावी. नागपूरला मध्य रेल्वेचे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे अशी दोन विभागीय कार्यालये आहेत. आपली गाडी कोणत्या रेल्वेची, हे आधी विचारून घ्यावे. जागा मिळेलच असे नाही. पण अर्ज करायला वशिला लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

दलाल कशावर जगतो?

दलाल गाडीत नवी जागा बनवीत नाही. तो आपल्या अज्ञानावर जगतो. ज्या वेळा वर सांगितल्या, त्या त्याला ठाऊक असतात आणि आपल्याला नसतात. एवढाच काय तो फरक.

हे दुखणे जुने आहे. एके काळी स्टेशनावर प्रत्येक गाडीची वेगळी वही असे. बाबू हाताने नावे लिही. वहीत काय आहे, हे त्यालाच ठाऊक. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. ते आपल्या महाराष्ट्राचे, कोकणातून निवडून आलेले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घालण्याचे काम त्यांच्या वेळी सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद ठेवला नव्हता. ती आपल्या नागपूरवरूनच धावते. आरक्षण संगणकावर आणण्याची तयारीही त्यांच्या काळात सुरू झाली. १९८५ साली दिल्लीत संगणकाने आरक्षण होऊ लागले. २००२ पासून घरून तिकीट काढता येऊ लागले.

वही गेली, संगणक आला. पण ज्याला विचारता येत नाही, त्याला संगणकही जागा देत नाही.

परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला जाता येत नाही. मात्र आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर पक्के तिकीट करून घेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करावा लागतो.

नेहमीच जमेल काय?

नाही. खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुटीत खरोखरच सगळे तुकडेही भरलेले असतात. अशा वेळी एक दिवस पुढेमागे करावा, दुसरी गाडी पाहावी किंवा बसने जावे. पण "गाडी भरली" हे शब्द ऐकून खिडकीवरून परत फिरण्याआधी चार प्रश्न तरी विचारावेत.

गोंदियाहून येणाऱ्या गाड्या कळमन्यावरून धडधडत नागपूरला जातात. बहुतेक मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. त्या बाईने त्या रोजच पाहिल्या होत्या. मुंबईहून परत आल्यावर ती वर्गात म्हणाली, "गुरुजी, आधी वाटे, ही गाडी मोठ्या लोकांची आहे. आता वाटते, तिच्यात माझाही एक नंबर होता."

तिच्या नवऱ्याचा इलाज चालू आहे. दर वेळी तिकीट तीच काढते. आणि हातात आले की आधी वय वाचते.

ध्यानात ठेवा

१. गाडी भरली, तरी तिचे तुकडे रिकामे असू शकतात. मधल्या स्टेशनापर्यंत विचारा.
२. आपल्या गावाहून सुटणारी गाडी आधी पाहा.
३. मागच्या स्टेशनाहून तिकीट काढले, तर चढण्याचे स्टेशन लिहायला विसरू नका.
४. तक्ता झाल्यावर पुन्हा एकदा पाहा. मग दुसरा तक्ता होईपर्यंत पाहत राहा.
५. तत्काळाचा दिवस गाडी निघते तिथल्या तारखेवरून मोजा.
६. तिकीट हातात आले की नाव, वय, तारीख, गाडी, डबा आणि बर्थ वाचा.
७. पावतीशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्याच्या नावावर प्रवास करू नका.

सांगा पाहू

१. गाडी हावड्याहून ४ तारखेला निघते आणि नागपूरला ५ तारखेला येते. तिचे तत्काळ कोणत्या तारखेला उघडेल?
२. एक बर्थ नागपूर ते भुसावळ रिकामा आहे. दुसरा भुसावळ ते मुंबई रिकामा आहे. तुम्ही किती तिकिटे काढाल? कोणत्या स्टेशनावर जागा बदलाल?
३. घरात एखादे जुने तिकीट असेल, तर ते आणा. त्यावरचा पीएनआर क्रमांक शोधा आणि वहीत लिहा.